क्राउलीचा वरंबा

डोंगर हा शब्द उच्चारतांच महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांपुढें काळा कातळ उभा राहतो. सह्याद्रीच्या कड्यांनीं आणि किल्ल्यांनीं त्याच्या कल्पनेला असें वळण लावलें आहे कीं, उंची आणि कठीणपणा हे दोन गुण डोंगराच्या ठिकाणीं असावयाचेच, असें तो गृहीत धरून चालतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असाहि एक डोंगर आहे कीं, ज्याला म्हणण्यासारखी उंची नाहीं आणि ज्याच्या अंगांत कातळ जवळजवळ नाहींच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, मिसूरी संस्थानाच्या आग्नेय भागापासून आर्कान्सा संस्थानांतील हेलेना या गांवापर्यंत, दीडशे मैलांच्या आसपास लांब अशी एक अरुंद टेकड्यांची ओळ गेली आहे. तिकडे तिला ‘क्राउलीज रिज’ असें म्हणतात. मराठींत तिला ‘क्राउलीचा वरंबा’ म्हणावें. शेतांतील वरंबा कसा तयार होतो हें ज्याला ठाऊक आहे, त्याला या टेकड्यांची निम्मी जन्मकथा या एका शब्दांतच कळून येईल.

या वरंब्याचें प्रथम दर्शन घ्यावयाचें तर तें दुरून आणि सपाटीवरून घ्यावें. टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहराजवळ मिसिसिपीचा पूल ओलांडून प्रवासी पश्चिमेस निघाला, म्हणजे सुमारें चाळीस मैलपर्यंत त्याला चढ असा लागतच नाहीं. भात, सोयाबीन आणि कापूस यांचीं शेतें दोन्ही बाजूंस क्षितिजापर्यंत पसरलेलीं असतात. मधून मधून नदीनें टाकून दिलेल्या जुन्या पात्रांचे वांकडे डोह लागतात आणि त्यांच्या पाण्यांत पाय रोवून उभे असलेले सायप्रस वृक्ष दिसतात. जमीन इतकी सपाट कीं, कोणत्या दिशेनें वाहावें हें पाण्यालाहि उमजूं नये. मग समोर क्षितिजावर एक निळसर रेघ उमटते. प्रथम ती ढगांची कड वाटते. जवळ जावें तसतशी तिची झाडी होते. आणि फॉरेस्ट सिटी या गांवापाशीं रस्ता एकाएकीं चढूं लागतो. सपाटीपासूनची ही उंची दोन-अडीचशे फूट, आणि कांहीं ठिकाणीं त्याहून पुष्कळ अधिक. रुंदी कोठें अर्धा मैल, तर कोठें बारा मैल. थोड्याच वेळांत रस्ता पलीकडच्या बाजूनें उतरतो आणि पुन्हां तीच सपाटी, तींच शेतें सुरू होतात.

सिंहगडाच्या पायथ्याशीं हा डोंगर आणून ठेवला तर कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहणार नाहीं. तथापि मिसिसिपीच्या गाळाच्या मैदानांत, उत्तरेस केप जिरार्डो या गांवापासून दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातापर्यंत, याच्याइतकें ठळक असें दुसरें उंच स्थळ नाहीं. जेथें पुराचें पाणी हातभर वर चढलें म्हणजे गांवेंच्या गांवें बुडतात, तेथें दोनशे फुटांची टेकडी ही दुर्गासारखीच मानली जाते. ही टेकडी कोणीं रचली, आणि ती किती काळ टिकणार, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तिचा सर्व इतिहास सांठविला आहे.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं चार कोटी वर्षांच्या आसपास मागें जावें लागतें. त्या काळीं मेक्सिकोचें आखात आजच्यापेक्षां पुष्कळ उत्तरेस शिरलेलें होतें, आणि आज जेथें हीं मैदानें आहेत तेथें उथळ समुद्र व त्याचे दलदलीचे कांठ होते. त्यांच्या तळाशीं वाळू आणि चिकणमाती यांचे थर साचले. समुद्र दक्षिणेकडे हटल्यावर त्या थरांवर मोठमोठ्या नद्या वाहूं लागल्या आणि त्यांनीं आपल्याबरोबर आणलेली खडी व गोटे सर्वत्र पसरून दिले. ही नदीची खडी आज वरंब्याच्या अंगांत, पायथ्यापासून कितीतरी उंचावर, जाड थराच्या रूपानें सांपडते. जें एके काळीं नदीचें पात्र होतें, तें आज टेकडीच्या माथ्याजवळ जाऊन बसलें आहे. पात्राची टेकडी झाली ती कशी?

त्याचें उत्तर हिमयुगांत सांपडतें. आज मिसिसिपी आणि ओहायो या दोन महानद्यांचा संगम इलिनॉय संस्थानाच्या दक्षिण टोकाला, कैरो या गांवाजवळ होतो. हिमयुगांत तो पुष्कळ दक्षिणेस होत असे, आणि तोंपर्यंत या दोघी एकमेकींना समांतर अशा वाहत असत; मिसिसिपी पश्चिमेकडून आणि ओहायो पूर्वेकडून. उत्तरेकडील हिमस्तर वितळूं लागले कीं दोघींना महापूर येत, आणि प्रत्येक पुरागणिक त्या आपापलें पात्र रुंद करीत व खोल करीत. शेतकऱ्यानें शेजारीं शेजारीं दोन सऱ्या ओढल्या म्हणजे मध्यें वरंबा राहतो. तसाच दोन नद्यांच्या मध्यें जमिनीचा एक लांबट पट्टा कोरला न जातां उभा राहिला. पुढें हिमयुग संपत आलें त्या सुमारास मिसिसिपीनें पश्चिमेकडील मार्ग टाकला, उत्तरेकडील टेकड्यांतून वाट फोडली आणि ती ओहायोच्या खोऱ्यांत शिरली. तिच्या जुन्या, विस्तीर्ण खोऱ्यांत आज ब्लॅक, व्हाइट, कॅश यांसारख्या लहान नद्या वाहतात. घर राजवाड्याएवढें आणि बिऱ्हाड दोन माणसांचें, असा तो देखावा आहे.

जमिनीच्या पोटांतील हालचालींचाहि या उंचींत कांहीं वांटा असावा. विसाव्या शतकाच्या अखेरीस भूगर्भांत कंपनलहरी सोडून ज्या पाहण्या झाल्या, त्यांवरून वरंब्याच्या कडांना लागून भूस्तरांत भंग आहेत असें दिसून आलें. हा प्रदेश अजून स्वस्थ झालेला नाहीं. १८११ च्या १६ डिसेंबरपासून १८१२ च्या ७ फेब्रुवारीपर्यंत जवळच्या न्यू माद्रिद गांवाच्या आसमंतांत भूकंपाचे जे प्रचंड धक्के बसले, त्यांनीं वरंब्याच्या पूर्वेकडील सेंट फ्रान्सिस नदीकांठची जमीन खचली, वाळूचीं कारंजीं उडालीं आणि जंगलेंच्या जंगलें पाण्याखालीं गेलीं. त्या भागाला आजहि ‘खचलेल्या जमिनी’ याच अर्थाच्या नांवानें ओळखतात.

वाळू, चिकणमाती आणि खडी एवढीच सामग्री असती तर हा वरंबा एक सामान्य उंचवटा ठरला असता. त्याचें खरें वैशिष्ट्य त्याच्या अंगावरील पांघरुणांत आहे. सर्व माथ्यावर आणि उतारांवर एक पिवळसर-तपकिरी, मऊ, पिठासारखी माती पसरलेली आहे. दक्षिणेकडे कांहीं ठिकाणीं तिची जाडी पन्नास फुटांपर्यंत जाते. या मातीला भूगर्भशास्त्रांत ‘लोएस’ असें नांव आहे. हा शब्द जर्मनींतील ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यांतील लोकांच्या बोलींतला असून त्याचा अर्थ सैल, भुसभुशीत असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत कार्ल फॉन लिओनहार्ड यांनीं तो शास्त्रांत आणला. सुप्रसिद्ध भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल हे १८४६ सालीं मिसिसिपीच्या कांठीं हिंडले तेव्हां नॅचेझ आणि व्हिक्सबर्ग येथील दरडी पाहून त्यांनीं ऱ्हाईनकांठच्या मातीशीं तिचें साम्य ओळखलें. ही माती पाण्यानें आणून टाकली असावी, अशीच त्या काळीं बहुतेकांची समजूत होती. पुढें फर्डिनंड फॉन रिख्टहोफेन यांनीं चीनमधील पीतमृत्तिकेच्या अफाट पठारांचा अभ्यास केला, आणि १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ही माती वाऱ्यानें आणली असें सप्रमाण प्रतिपादन केलें. आज तेंच मत सर्वमान्य आहे.

हा वारा कोठून माती आणीत होता हें समजण्यासाठीं श्रोत्यांनीं हिमयुगांतील एक वर्ष डोळ्यांपुढें आणावें. उत्तरेस शेंकडों मैल पसरलेला बर्फाचा थर आपल्या भारानें खालचा खडक जात्याप्रमाणें दळीत आहे. उन्हाळा आला कीं बर्फाच्या कडा वितळतात आणि तें दगडाचें पीठ घेऊन नद्या दक्षिणेकडे धांवतात. पात्र एक राहत नाहीं. वेणीच्या पेडांप्रमाणें शेंकडों प्रवाह एकमेकांत गुंतत वाहतात. मग हिवाळा येतो, पाणी ओसरतें, आणि मैलोगणती रुंदीचे गाळाचे उघडे वाळवंट मागें राहतात. त्यांवर गवताची काडीहि नसते. वारा सुटला कीं हें पीठ उठतें, पिवळ्या ढगासारखें आकाशांत चढतें, आणि जवळच्या उंचवट्यावर, जेथें झाडी व गवत त्याला अडवून धरतें, तेथें हळूहळू बसतें. एका हिवाळ्यांत नखभरहि जाडी वाढली नसेल. पण असे हजारों हिवाळे गेले.

वरंब्यावरील लोएस एकाच काळचें नाहीं. दरड कापून पाहिली तर एकावर एक असे अनेक थर दिसतात आणि त्यांच्या मध्यें तांबूस रंगाचे पट्टे असतात. हे पट्टे म्हणजे जुन्या काळच्या जमिनी होत. बर्फ मागें हटलें, वाऱ्यानें माती आणणें थांबविलें, अरण्य वाढलें, त्याच्या मुळांनीं आणि पालापाचोळ्यानें जमीन तयार झाली. मग पुन्हां बर्फ पुढें सरकलें आणि त्या अरण्यावर नवें पांघरूण पडलें. अगदीं वरचा थर हिमयुगाच्या शेवटच्या पर्वांतला, म्हणजे सुमारें पंचवीस ते बारा हजार वर्षांपूर्वींचा आहे. सर्वांत खालच्या थरांना शास्त्रज्ञांनीं नांवें दिलीं तीं याच वरंब्यावरून आणि त्याच्यावर वसलेल्या मॅरियाना या गांवावरून. अशा प्रकारें ही टेकडी म्हणजे हवामानाच्या इतिहासाची एक वही आहे, आणि तिचीं पानें धुळीचीं आहेत.

या धुळीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. तिचे कण रेतीपेक्षां बारीक आणि चिकणमातीपेक्षां जाड असतात. एका मिलिमीटरच्या अंतरांत वीस ते पन्नास कण ओळीनें बसावेत एवढे. ते कोनेदार असल्यामुळें एकमेकांत अडकून राहतात, आणि मातींतील चुन्याचा अंश त्यांना सांधून धरतो. म्हणून लोएस बोटांत चुरलें तर पीठ होतें, पण कुदळीनें सरळ उभें कापलें तर भिंतीप्रमाणें वर्षानुवर्षें उभें राहतें. या प्रदेशांतील रस्ते बांधणाऱ्यांना एक उलटें वाटणारें तत्त्व शिकावें लागतें: दरड तिरपी छाटली तर ती पावसानें वाहून जाते, आणि उभी ठेवली तर टिकते. १८६३ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्धांत व्हिक्सबर्ग शहराला वेढा पडला, तेव्हां तेथील कुटुंबें तोफगोळ्यांपासून जीव वांचविण्यासाठीं अशाच मातीच्या दरडींत गुहा खणून राहिलीं. ज्या मातींत लहान मूल बोट खुपसूं शकतें, तिनें तोफगोळ्यांपासून माणसांना आसरा दिला. परंतु या मातीचा एक शत्रु आहे, आणि तो म्हणजे वाहतें पाणी. गवताचें आणि मुळांचें आवरण गेलें, कीं पावसाच्या धारेपुढें तिचा कांहीं टिकाव लागत नाहीं.

हजारों वर्षें तें आवरण शाबूत होतें. खोल, ओलसर आणि सकस अशा या मातीवर जें अरण्य वाढलें, तें वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय होऊन बसलें आहे. पश्चिमेस फार दूर नाहीं अशा अंतरावर ओझार्क पर्वत आहे. तेव्हां वरंब्यावरील झाडें त्या पर्वताच्या झाडांसारखीं असावींत अशी अपेक्षा. प्रत्यक्षांत ओक आणि हिकरी यांच्या बरोबरीनें येथें बीच व ट्युलिप वृक्ष आढळतात, आणि एकंदर वनश्रीचें नातें मिसिसिपीच्या पलीकडे, पूर्वेस दूरवर असलेल्या अ‍ॅपलेशियन पर्वताच्या अरण्यांशीं अधिक जुळतें. ट्युलिप वृक्ष आर्कान्सा संस्थानांत निसर्गतः मुख्यतः या वरंब्यावरच वाढतो. तो शंभर फुटांहून उंच जातो, सरळ सोटासारखा वाढतो, आणि वसंतांत त्याला हिरवट-पिवळीं, तळाशीं नारिंगी पट्टा असलेलीं फुलें येतात. नांवांत ट्युलिप असलें तरी त्याचें कूळ आपल्या सोनचाफ्याचें आहे. घळींच्या तळाशीं नेचे वाढतात, झरे पाझरतात. आणि पायथ्याच्या मैदानांत उन्हाची काहिली होत असतांना या घळींत सांवली व गारवा असतो.

ज्या दोन नद्यांनीं हा वरंबा उरविला, त्या निघून गेल्यावर लहान नद्यांनीं त्याला छेद दिले. सेंट फ्रान्सिस नदी वरंब्याच्या पश्चिमेकडून येते आणि चॉक ब्लफ येथें त्याला भेदून पूर्वेस जाते. ‘चॉक’ म्हणजे खडू. परंतु तेथील पांढरी दरड खडूची नसून पांढऱ्या चिकणमातीची आहे. दक्षिणेकडे मॅरियाना गांवापाशीं आणखी एक नदी वरंबा ओलांडते. फ्रेंच लोकांनीं तिला ‘लांगीय’, म्हणजे वाम मासा, असें नांव दिलें. तिची नागमोडी चाल पाहिली म्हणजे तें यथार्थ वाटतें. या दोन्ही नद्या एकत्र होऊन हेलेनाच्या थोडें उत्तरेस मिसिसिपीला मिळतात, आणि हेलेना येथें वरंब्याचें दक्षिण टोक महानदीच्या कांठाशीं येऊन थांबतें.

माणसानें या उंचीचा उपयोग फार पूर्वींच ओळखला. मैदान दलदलीचें आणि तापाचें. वरंबा कोरडा आणि निरोगी. साहजिकच वाटा वरंब्यावरून गेल्या आणि वस्त्याहि वरंब्यावर झाल्या. १८२० च्या सुमारास केंटकीकडून आलेल्या बेंजामिन क्राउली नांवाच्या वसाहतकारानें येथें घर केलें आणि त्याचें नांव संबंध डोंगराला मिळालें. त्याच दशकांत मेम्फिसपासून लिटल रॉकपर्यंत सरकारनें लष्करी रस्ता काढला, तो वरंब्याला आडवा ओलांडून गेला. १८३० नंतरच्या दशकांत क्रीक, चिकसॉ आणि चेरोकी या मूळ रहिवाशांना त्यांच्या पिढीजात भूमींतून पश्चिमेकडे हांकलून देण्यांत आलें, तेव्हां त्यांच्यापैकीं पुष्कळांना याच रस्त्यानें चालविलें गेलें. आज व्हिलेज क्रीक येथील राखीव उद्यानांत त्या रस्त्याचा एक भाग शिल्लक आहे. गाड्यांच्या चाकांनीं आणि माणसांच्या पावलांनीं मऊ लोएस झिजत गेलें, आणि रस्ता दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींमध्यें खोल रुतून बसला. जी माती वाऱ्यानें आणली, तिच्यावर दुःखाचीहि पाउलवाट उमटून राहिली.

या उंचीची खरी कसोटी मात्र पुराच्या वेळीं लागली. १९२७ सालच्या वसंतांत मिसिसिपीचे बांध फुटले. तिच्या खोऱ्यांतील पंचवीस हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश जलमय झाला आणि सहा लाखांहून अधिक माणसें बेघर झालीं. आर्कान्सामधील सपाटीवरच्या लोकांना एकच दिशा ठाऊक होती, आणि ती म्हणजे वरंब्याची. होडींतून, गाडींतून, पायीं, गुरेंढोरें आणि गांठोडीं घेऊन हजारों कुटुंबें या टेकड्यांवर चढलीं. फॉरेस्ट सिटी, मॅरियाना, हेलेना येथें तंबूंचीं गांवें वसलीं. दहा वर्षांनीं, १९३७ च्या आरंभीं, पुन्हां तोच प्रसंग आला. त्या वेळीं वॉकर एव्हान्स या छायाचित्रकारानें सरकारच्या वतीनें फॉरेस्ट सिटीच्या छावणीचीं चित्रें घेतलीं. हातांत ताटल्या घेऊन अन्नासाठीं उभ्या असलेल्या माणसांच्या रांगा त्यांत दिसतात. आणि काळ्या लोकांची रांग निराळी, गोऱ्यांची निराळी, हेंहि दिसतें. पाण्यानें सर्वांना सारखेंच बुडविलें होतें. उंच जमीन सर्वांच्या पायांखालीं एकच होती. त्या जमिनीवर उभे राहिल्यावरहि माणसें आपला भेद विसरलीं नाहींत.

पण याच सुमारास, ज्या टेकडीनें हजारोंना आश्रय दिला, तीच टेकडी वाहून चालली होती. यादवी युद्धानंतरच्या काळांत लोहमार्ग आले, लांकडाचे कारखाने आले, आणि वरंब्यावरील जुनें अरण्य झपाट्यानें तोडलें गेलें. मोकळ्या झालेल्या उतारांवर कापूस आणि मका पेरला गेला. जमीन मऊ, नांगर सहज चाले, आणि पहिलीं कांहीं वर्षें पीकहि भरघोस येई. नांगराचीं तासें पुष्कळ ठिकाणीं उताराच्या दिशेनेंच काढलीं जात. लोएसचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला पुढची गोष्ट सांगावयास नको. पावसाचें पाणी तासांतून धांवूं लागलें. तासाचा ओघळ झाला, आणि ओघळाची घळ झाली. घळीच्या भिंती उभ्याच्या उभ्या कोसळतात, म्हणून ती वरच्या बाजूनें शेत खात खात मागें सरकते. लोएसचा थर कापून पाणी खालच्या वाळूपर्यंत पोंचलें कीं ती वाळू प्रथम निसटते आणि वरची जमीन आधाराविना उरते. एका पिढीनें जेथें कापूस काढला, तेथें पुढच्या पिढीला घर आणि रस्ता संभाळण्याची पंचाईत पडूं लागली.

आणि ही हानि वरंब्यापुरती राहिली नाहीं. वाहून गेलेली माती पायथ्याच्या ओढ्यांत आणि पाटांत बसली. त्यांचीं पात्रें उथळ झालीं, आणि उथळ पात्रांतलें पाणी शेतांत पसरूं लागलें. पुराच्या भीतीनें माणसें ज्या उंचीकडे पाहत, तिच्याच अंगाची माती खालच्या मैदानांतील पुराला हातभार लावीत होती. वरच्या शेतकऱ्याचें आणि खालच्या शेतकऱ्याचें नशीब एकाच ओघळानें बांधलें गेलें होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं आली ती नुकसान झाल्यावर.

उपाय सुरू झाले ते आर्थिक मंदीच्या काळांत. बेकार तरुणांना काम देण्यासाठीं उभारलेल्या सरकारी पथकांनीं येथें झाडें लावलीं, बंधारे घातले, आणि क्राउलीच्या जुन्या वस्तीच्या जागीं एक उद्यान तयार केलें; हें उद्यान १९३३ सालापासूनचें आहे. १९३५ सालीं अमेरिकेच्या विधिमंडळानें जमिनीची धूप हें राष्ट्रीय संकट मानून भूसंरक्षणाचा कायदा केला आणि त्यासाठीं स्वतंत्र खातें उभारलें. उताराला आडवी, समपातळींत नांगरट करावी, बांध घालावेत, तीव्र उतारावर गवत किंवा झाडेंच ठेवावींत, हीं साधीं तत्त्वें शेतकऱ्यांना शिकविण्यांत आलीं. मॅरियाना आणि हेलेना यांच्यामधील पडीत झालेली पुष्कळशी जमीन सरकारनें विकत घेऊन तिच्यावर पुन्हां वन वाढूं दिलें. आणि १९६० सालीं त्या वीस हजार एकरांहून अधिक क्षेत्राला सेंट फ्रान्सिस राष्ट्रीय वन असें नांव मिळालें. आज तेथें फिरणाऱ्या माणसाला उंच झाडांच्या सांवलींत मधूनच एखादी खोल, गवतानें झांकलेली घळ दिसते. ती निसर्गाची जुनी दरी असेल किंवा कोणा कुळाच्या कापसाच्या तासाची परिणति असेल. हें वरून पाहून नेहमींच ओळखतां येत नाहीं.

उपाय करतांनाहि चुका झाल्या. घळी लौकर झांकल्या जाव्यात म्हणून दक्षिणेकडील संस्थानांत पूर्व आशियांतून आणलेला कुडझू नांवाचा वेल मोठ्या प्रमाणावर लावण्यांत आला. त्यानें माती धरली हें खरें; पण तो तेथेंच थांबला नाहीं. झाडांवर चढून, त्यांना पांघरुणासारखें झांकून, सूर्यप्रकाश तोडून तो त्यांना मारूं लागला. आज वरंब्यावर कांहीं ठिकाणीं संबंध उतारच्या उतार या एकाच वेलानें गिळलेले दिसतात. शिवाय खडीचें मूल्य वाढलें आहे. प्राचीन नद्यांनीं आणून ठेवलेले गोटे रस्त्यांना आणि काँक्रीटला लागतात, म्हणून ठिकठिकाणीं वरंबा पोखरून खाणी काढल्या गेल्या आहेत; आणि जोन्सबरोसारखीं वाढतीं शहरें घरांसाठीं उतार सपाट करीत आहेत. खडीपर्यंत जाण्यासाठीं प्रथम वरचें लोएस बाजूला करावें लागतें, आणि एकदां बाजूला केलेलें लोएस पाऊस घेऊन जातो.

येथें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येतें. ही टेकडी किती काळ टिकणार? नदी आपल्या कांठचा गाळ एका वर्षीं नेते आणि दुसऱ्या वर्षीं आणून टाकते. तिच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार चालूं राहतो. तोडलेलें अरण्यहि साठ-सत्तर वर्षांत पुन्हां उभें राहूं शकतें, हें या वरंब्यानेंच दाखवून दिलें आहे. परंतु लोएसच्या बाबतींत तसा व्यवहार नाहीं. ज्या हिमस्तरांनीं खडकाचें पीठ दळलें ते वितळून दहा हजारांहून अधिक वर्षें झालीं. ज्या उघड्या वाळवंटांवरून तें पीठ उडालें तेथें आज शेतें आहेत. आणि वारा अजून वाहत असला तरी त्याच्या हातीं आणावयास कांहीं उरलेलें नाहीं. वरंब्यावर आज जेवढी माती आहे तेवढीच काय ती आहे. ओघळांतून जी गेली, ती मिसिसिपीनें आखातांत नेली. ती परत यावयाची नाहीं.

म्हणून तिकडील एखादा जाणता शेतकरी आपल्या उतारावर पेरणी न करतां गवत राखतो, किंवा घळीच्या तोंडाशीं झाडाच्या फांद्या आणि दगड रचून पाणी अडवितो, तेव्हां तो आपल्या एका शेताचीच काळजी घेत असतो असें नाहीं. खालच्या मैदानांत पुन्हां कधीं पाणी चढलें, तर वर येणाऱ्या लोकांना पाय ठेवावयास जागा राहावी, एवढी तजवीज त्याच्या त्या कामांत आपोआप होत असते.